वांगी रंगाची फीत आणि आमचे पेंटरकाका

दर्यापूरकडच्या गावांत भिंतीवर काही रंगवून घ्यायचं तर कोणाला सांगावं, असं मागच्या दिवाळीपासून तीनचार जणांनी मला विचारलं. एकदाच सविस्तर लिहून टाकतो. काकांचं नाव आणि नंबर देत नाही. नंबर दिला तरी ते फोन उचलत नाहीत, आणि नावाने त्यांना कोणी ओळखतही नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर सकाळी नऊच्या आत जा, "पेंटर कुठं बसते?" म्हणून विचारा. चहावाला बोट दाखवेल.

काम होतं आमच्या गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं चित्र आणि माहिती काढायचं. १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना ते गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. बारा फूट बाय आठ फूट.

मी १९९० साली महार रेजिमेंटमध्ये भरती झालो, मध्य प्रदेशातल्या सागरला ट्रेनिंग केलं आणि सतरा वर्षांनी हवालदार होऊन घरी आलो. आता चार एकर कापूस-तूर आहे आणि वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी तिथं अभ्यासाला बसतात. जानेवारी २०२३ मध्ये पेपरात बातमी आली की अंदमानच्या एकवीस बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली. एका पोराने विचारलं, "काका, याच्यात तुमच्या रेजिमेंटचा हाय का कोनी?" म्हटलं, आहे ना, एक आहे. परमेश्वरन साहेब. पोरांनी नावही ऐकलेलं नव्हतं. तीन दिवसांवर २६ जानेवारी होती, म्हणून ठरवलं की एक फ्लेक्स लावू.

फ्लेक्सचं आधी सांगतो, कारण पेंटरकाकांच्या कामाची किंमत त्याशिवाय कळायची नाही. दुकान कोणतं ते सांगत नाही. दहा बाय सहाचा फ्लेक्स, नऊशे रुपये, संध्याकाळी तयार. मी कागदावर नीट मजकूर लिहून दिला होता. फ्लेक्स उलगडला तर वर नाव 'परमेश्वर रामास्वामी'. फोटो दुसऱ्याच एका अधिकाऱ्याचा. मागे बर्फाचे डोंगर आणि दोन रणगाडे. श्रीलंकेत बर्फ! ऑपरेटर पोरगा म्हणाला, "सर, आर्मी टाकलं का हेच बॅकग्राउंड येते." बदलायला वेळ नव्हता. झेंडावंदनाच्या पाहुण्यांनी फ्लेक्सकडे पाहून "कारगिलचे वीर" म्हणून पंधरा मिनिटं भाषण ठोकलं, आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. मे महिन्याच्या वावटळीत तो फ्लेक्स फाटला तेव्हा मला खरं सांगू का, बरं वाटलं. अर्धा तुकडा कोणीतरी गंजी झाकायला नेला.

नोव्हेंबरात पेंटरकाकांकडे गेलो. वय पासष्टच्या पुढे, डोक्याला रुमाल, नखांत सात रंग. एके काळी तालुक्यातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मंदिराच्या कमानी एवढंच उरलंय. मी काम सांगितलं. त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "भिंत कोन्या तोंडाची हाय?"

"पश्चिमेची. रस्त्याकडची."

"लाल टिकनार नाई. अन् लोना?"

आमचा पट्टा खारपाणाचा. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. भिंतीला ते खालून चढतं आणि पोपडे धरून प्लास्टर भुसभुशीत करतं. हाच लोणा. दुसऱ्या दिवशी काका सायकलवर आले. भिंतीवर बोटाने टकटक करत गुडघ्यापासून वर गेले, कमरेच्या वर एका ठिकाणी थांबले आणि कोळशाने आडवी रेघ मारली. जमिनीपासून तीन फूट. म्हणाले, "याच्या खाली कामाचं काई लिवाचं नाई. थे लोन्याचं हाय." खालचा पट्टा नुसता गेरूच्या रंगाने भरायचं ठरलं. आठ फुटांची भिंत इथेच पाच फुटांची झाली, आणि पैसेही त्यांनी पाच फुटांचेच धरले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पूर्ण भिंतीचे लावून मोकळा झालेला पेंटरही मी पाहिलेला आहे.

मग मजकूर. मी दोन पानं लिहून नेली होती. काकांनी चष्मा लावून ती वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "फौजी भाऊ, हे भिंतीवर मावन, पन वाचनार कोन? मोटरसायकलवाला थांबते का?" बरोबर होतं. पण मलाही काही गोष्टी सोडायच्या नव्हत्या. लोकांना फक्त शेवटची रात्र माहीत असते, तीही माहीत असली तर. त्या रात्रीच्या आधी पंधरा वर्षांची नोकरी आहे. १३ सप्टेंबर १९४६ चा मुंबईचा जन्म, शाळा-कॉलेज मुंबईतच. १६ जून १९७२ ला मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून कमिशन मिळालं, अधिकारी झाले ते १५ महारमध्ये, रेजिमेंटच्या पंधराव्या पलटणीत. म्हणजे बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, आणि ज्यांना लढाईत नाव कमवायचं होतं त्यांच्यासाठी दार बंद झाल्यासारखंच होतं. त्या पलटणीत आठ वर्षं काढली. ईशान्येच्या डोंगरांत बंडखोरांच्या मागे गस्ती घातल्या. नंतर ५ महार. मग १९८७ मध्ये ८ महारबरोबर श्रीलंकेत. पायदळातली पंधरा वर्षं म्हणजे काय असतं, ते ज्याच्या पायाला भोवऱ्या पडल्या त्यालाच कळतं. पेपरात येण्यासारखं त्यात काही नसतं. गस्त, पहारा, जवानांच्या सुट्ट्यांचे अर्ज, पावसात ओला झालेला बिस्तरा, पुन्हा गस्त. त्या रात्री जे डोकं चाललं ते असल्याच पंधरा वर्षांत तयार झालेलं असतं, असं माझं मत आहे.

काकांनी ऐकून घेतलं आणि दोन पानांच्या बारा ओळी करून दिल्या. जन्म, कमिशन, तिन्ही पलटणी, तारीख, सगळं ठेवलं. माझी विशेषणं उडवली. 'अतुलनीय', 'रणधुरंधर', 'भारतमातेचा सुपुत्र' असं मी बरंच लिहिलं होतं. "जोडाक्षराले ब्रश जास्ती फिरते," एवढंच कारण दिलं. आता भिंत वाचतो तेव्हा वाटतं, बरं झालं.

चित्रासाठी माझ्याकडे साहेबांचा एक छोटा फोटो होता. काकांनी त्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडले आणि भिंतीवर निळीत बुडवलेली दोरी ताणून, टणकन सोडून मोठे चौकोन पाडले. मग एकेक चौकोन उचलून भिंतीवर. पहिल्या दिवशी नुसती कपाळाची रेघ आणि एक कान. पोरं हसत होती. तिसऱ्या दिवशी डोळे आले तेव्हा कोणी हसलं नाही. अक्षरांचीही त्यांची आपली रीत आहे. आधी सगळ्या उभ्या काठ्या, मग गोलाई, मग काना-मात्रा, आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी, एकाच दमात, श्वास रोखून. 'परमेश्वरन'ची शिरोरेघ ओढताना मागून ट्रॅक्टर गेला आणि मोठ्याने हॉर्न वाजला. ब्रश हलला नाही. नंतर मात्र त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही.

याच दिवसांत गावातले लोक येऊन उभे राहायचे आणि प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न, "हे आपल्या जिल्ह्यातले हायत काय?" नाहीत. "मंग काहून?" दुसरा प्रश्न जास्त टोकदार असायचा. "मानूस त मद्राशी दिसते, मंग महार रेजिमेंटमधी कसा?" मी सांगायचो, अधिकारी कुठल्याही रेजिमेंटमध्ये जातो, आणि आमच्या रेजिमेंटमध्ये जवानही देशभरातले आहेत, सगळ्या जातींचे. माझ्या सेक्शनमध्ये एक ओडिशाचा, दोन यूपीचे, एक आपल्या अकोटचा होता. नाव का पडलं तेही सांगायचो. पहिल्या महायुद्धात १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत गेले, त्यांनी हा विषय लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये मशीनगनची रेजिमेंट झाली तेव्हा तिचं सेंटर होतं कामठीला. आपल्या नागपूरजवळच्या कामठीला! हे सांगितलं की 'काहून' विचारणारे गप्प व्हायचे. त्या व्हिकर्स मशीनगन अजून बिल्ल्यावर आहेत, तिपाईवर एकमेकींना छेदणाऱ्या, मध्ये खंजीर. तो खंजीर यायच्या आधी तिथं कोरेगावचा स्तंभ होता. बिल्ला काकांनी सुंदर काढला. फक्त तिपाईचा तिसरा पाय पहिल्यांदा विसरले.

आता पदकाकडे येतो, कारण खरी मजा तिथं झाली.

काका सोनेरी रंगाचा डबा घेऊनच आले होते. "एवढं मोठ्ठं मेडल, सोन्याचंच असन." म्हटलं, नाही काका. महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीची असतात. सर्वांत वरचं परमवीर चक्र, ते काशाचं. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "खालचं चांदीचं अन् वरचं काशाचं?" हो. "मंग देनाऱ्याले अक्कल होती," म्हणाले आणि सोनेरी डबा पिशवीत टाकला. मी सांगितलं की हे पदक एका बाईंनी रेखाटलं आहे, सावित्रीबाई खानोलकर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या, आपल्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. मध्ये राजमुद्रा आणि चार बाजूंना चार वज्रं. काकांना वज्र कसं दिसतं ते माहीत नव्हतं, पण दधीची ऋषींची गोष्ट पोथीतून पाठ होती. "हाडाचं हत्यार," म्हणाले. "लोकायसाठी हाडं देल्ले त्याईनं." खरं पदक जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं असतं. भिंतीवर आम्ही ते दीड फुटांचं केलं.

फितीचा रंग जांभळा. साधा, एकच रंग, पट्टेबिट्टे नाहीत. जांभळा तयार डब्यात मिळाला नाही. काकांनी फरशीच्या तुकड्यावर निळा घेतला, लाल घेतला, बोटाने घोटला, पेपरवर ओढला. मी म्हटलं, फार लाल झाला. पुन्हा निळा. आता शाईसारखा झाला. थोडा पांढरा टाकला तर जांभळाचं सरबत. मोबाइलवर फोटो दाखवला तर म्हणाले, "मोबाइलचा रंग खोटा असते. उन्हात एक, सावलीत एक." असं तासभर चाललं. तेवढ्यात आमची घरची जेवणाचं विचारायला आली, हातात बाजाराची पिशवी. काकांनी पिशवीतून एक काटेरी वांगं काढलं, बाहीने पुसलं आणि भिंतीला लावून धरलं. मग वांग्याकडे बघत बघत रंग घोटला. देठाजवळचा नाही, पोटाचा, जिथं उजेड पडतो तिथला. "हे घ्या तुमची फीत." मी फोटो काढून सागरला असलेल्या आमच्या एका जुन्या सुभेदार साहेबांना पाठवला. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "पर्फेक्ट." घरची म्हणाली, "वांगं द्या माह्यं. भाजी कराची हाय."

उजव्या बाजूला तीन फूट जागा उरत होती. तिथं प्रसंगाचं चित्र. काका म्हणाले, लढाई काढू. आगीचे लोळ, विमान, झेंडा घेतलेला जवान. असं ते शाळांवर नेहमी काढतात. मी म्हटलं, तिथं विमान नव्हतं. "मंग काय व्हतं थे सांगा." आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसलो, चहा मागवला, आणि मी सांगितलं.

"लढाई कोनाशी व्हती?"

"श्रीलंकेत, तमिळ अतिरेक्यांशी."

"रावनाच्या लंकेत? आपलं काय काम तिथं?"

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडतो. मी थोडक्यात सांगितलं. जुलै १९८७ मध्ये दोन सरकारांचा करार झाला आणि शांतता राखायला आपली सेना तिकडे गेली. ऑक्टोबरात ज्यांनी हत्यारं खाली ठेवायची होती त्यांच्याशीच लढाई जुंपली. ऑपरेशन पवन. १९९० च्या मार्चमध्ये आपली शेवटची तुकडी परत आली तोवर अकराशेच्या वर जवान गेले होते. त्यांच्यासाठी आपल्या गावांत कुठं चौक नाही की कमान नाही. मी सागरला गेलो तेव्हा तिथून आलेले उस्ताद आम्हाला शिकवायचे. बाकी विषयांत ते ओरडायचे. अॅम्बुश शिकवताना मात्र हळू बोलायचे.

"अॅम्बुश म्हंजे?"

दबा धरून बसणं. बसणारा जागा आपल्या सोयीने निवडतो. वाट कुठं वळते, तुम्ही कुठं गोळा होता, आडोसा कुठं नाही, सगळं त्याने आधी पाहिलेलं असतं. त्याच्या बंदुकीचा नेम वाटेच्या त्याच तुकड्यावर धरलेला असतो. अंधारात पहिली फैर आली की माणसाचं अंग आपोआप जमिनीला चिकटतं. आणि चिकटलं की संपलं, कारण तुम्ही आडवे होता तेही त्याच्याच पट्ट्यात. तिथं पडून समोर गोळ्या झाडत राहणं म्हणजे त्याला हवं तेच करणं. त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि त्याने जिकडे पाठ केली आहे तिकडून यायचं, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात रात्र असते, कोण कुठं आहे दिसत नाही, आपल्याच जवानांच्या गोळ्या अंगावर यायची भीती असते, आणि हे सगळं ठरवायला काही सेकंद असतात.

२५ नोव्हेंबर १९८७. परमेश्वरन साहेब तलाशीचं काम आटोपून रात्री उशिरा तुकडीसह परतत होते आणि घात झाला. त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं. समोरून भिडायचं सोडून त्यांनी मागून वेढा घातला आणि सरळ अतिरेक्यांच्या अंगावर गेले. दबा धरून बसलेल्यांनी हे धरलेलंच नव्हतं. हातघाईला आलं. त्यात एकाने साहेबांच्या छातीत गोळी घातली. साहेबांनी त्याचीच रायफल त्याच्या हातातून हिसकावली आणि त्याला तिथंच मारलं. मग श्वास होता तोवर हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी ठार झाले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले, अॅम्बुश मोडला. साहेब गेले. एक्केचाळीस वर्षांचे होते.

काकांचा चहा तसाच राहिला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "छातीत गोळी लागल्यावर हात उचलते काय मानसाचा?"

मी म्हटलं, त्यांचा उचलला. माझा उचलला असता असं मी छातीठोक सांगणार नाही.

"अन् त्याच्या हातातली बंदूक हिसकाची म्हंजे... त्याचा तोंडाचा वास येत असन इतक्या जवळून."

हे मला सतरा वर्षांत सुचलं नव्हतं. आम्ही त्यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र पाठ केलं होतं, दरवर्षी ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी काही काढलं नाही, ब्रश धुऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते कागदावर चित्र घेऊनच. सगळं काळं-निळं. मध्ये आडवी एक बंदूक आणि तिच्यावर चार हात. बस. चेहरे नाहीत, आग नाही, झेंडा नाही. दोन हात ओढतायत, दोन सोडत नाहीत. कोणाचे कोणते ते बघणाऱ्याने ओळखायचं. मला आधी पटलं नाही. लोकांना कळेल का? काका म्हणाले, "विचारतीन त. विचारलं का सांगा, तुमी बसलेच असता तिथं." बंदूक कोणती काढू, एके-४७ काढू का, असंही विचारलं. म्हटलं, मानपत्रात नुसतं रायफल लिहिलंय. मग त्यांनी नुसती रायफल काढली, सावलीसारखी. न विचारता त्यांनी भिंतीवर एक ठिपकाही टाकला नाही. अख्ख्या कामात मला सर्वांत आवडलं ते हे.

आता तक्रारी. काम २५ नोव्हेंबरच्या आत पाहिजे असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वीस तारखेला काका गायब. कापूस फुटला होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून घरच्या कापसात होते. शेतकरी म्हणून मला ते समजतं. गिऱ्हाईक म्हणून राग आला. फोन उचलायचा नाही म्हणजे नाहीच. २५ तारखेला आम्ही हार घातला तो अर्धवट भिंतीला, साहेबांच्या खांद्यावर अजून मेजरची राजमुद्रा यायची होती, तिथं नुसत्या चौकोनांच्या रेघा. काम पुरं झालं ३ डिसेंबरला. दुसरी तक्रार, रंगाचे रिकामे डबे आणि चिंध्या वाचनालयाच्या मागे टाकून गेले. त्या मी उचलल्या. तिसरी, पावती देत नाहीत. ग्रामपंचायतीच्या पैशातून काम करणार असाल तर आधी बोलून घ्या, नाही तर ग्रामसेवक तुम्हाला फिरवेल. आमचं वर्गणीचं होतं म्हणून भागलं.

वर्गणीवरून आठवलं. एका मोठ्या देणगीदारांना 'सौजन्य' म्हणून स्वतःचं नाव हवं होतं, ठळक आणि चांगलं मोठं. वरच्या मजकुराइतकंच. मी अडचणीत आलो. काका त्यांना म्हणाले, "सायेब, वर जागा नाई राह्यली. पन खाली मोकळा पट्टा हाय, तुमचं नाव ऐटीत मोठ्ठं टाकून देतो." साहेब खूश. काकांनी खरंच मोठं टाकलं, पिवळ्या रंगात, सावली देऊन. गेरूच्या पट्ट्यावर. म्हणजे कोळशाच्या रेघेच्या खाली. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

एकूण खर्च साडेसात हजार, रंग आणि प्रायमर धरून. त्यात चित्राचे चार हजार, बाकी अक्षरं, बिल्ला, पदक. अॅडव्हान्स दोन हजार. चहा आणि एक वेळचं जेवण आपल्याकडे. नऊशेच्या फ्लेक्सच्या मानाने महाग वाटेल, पण फ्लेक्स चार महिने टिकला आणि चारही महिने खोटं बोलला. मी काकांना पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापसाने खाल्ला.

कोणी काम देणार असेल तर एवढं करा. मजकूर स्वतःच्या अक्षरात कागदावर द्या, व्हॉट्सअॅपवर नको. तारखा दोनदा तपासून द्या, कारण काका जे दिलं तेच काढतात. नोव्हेंबरात काम काढू नका, पावसाळ्यात तर नाहीच. भिंत उत्तरेची असेल तर उत्तम. आणि फक्त 'लढाईचं काहीतरी काढा' म्हणाल तर ते विमान काढतील. बसून सांगावं लागतं.

भिंतीला आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले. चेहरा जसाच्या तसा आहे. अक्षरं शाबूत आहेत, फक्त '८ महार'मधल्या आठाच्या टोकाशी पाल बसून बसून डाग पडलाय. चार हातांबद्दल लोक अजून विचारतात. परवा एका पोलीस भरतीच्या पोराने तर वरचे दोन हात साहेबांचे की खालचे यावर मित्राशी दहा रुपयांची पैज लावली होती. लोणा बरोबर तीन फुटांपर्यंत आला आणि थांबला. सौजन्यातलं आडनाव गेलं, नाव अर्धं आहे, सावली मात्र चांगली टिकली.

फीत तेवढी बिघडली. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पश्चिमेच्या उन्हात लाल आधी उडतो. जांभळ्यातला लाल गेला आणि फीत निळी दिसायला लागली. निळ्या फितीचं परमवीर चक्र नसतं. मी स्टँडवर जाऊन सांगितलं. काका म्हणाले होळी झाल्यावर येतो, पैसे नको, रंग तुमचा. लाल, निळा आणि छोटा पांढरा डबा आणून मी कपाटावर ठेवला आहे. वांगी घरची आहेत.